परफॉर्मन्स कॅमशाफ्ट बसवल्यानंतरचे ट्यूनिंग : सुरुवात नेमकी कुठून करावी?

चौथा_गिअर

माझ्या गाडीत १६०० सीसीचे, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन आहे. टर्बो नाही, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगही नाही आणि कॉम्प्रेशन रेशो १०:१ आहे. नुकतेच त्यातले दोन्ही कॅमशाफ्ट (लोब म्हणजे उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बदलले. मूळ कॅमचे ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) २४० अंश, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) ८.५ मिमी आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांतले अंतर) ११२ अंश होते. नव्या कॅमचे ड्युरेशन २७२ अंश, लिफ्ट १०.२ मिमी आणि लोब सेपरेशन ११० अंश आहे. सोबत जास्त ताकदीच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग बसवल्या आहेत आणि त्याच वेळी हेडचे फेसिंगही (खालचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) करून घेतले, त्यात सुमारे अर्धा मिमी धातू गेला. ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्रपणे ट्यून करता येणारा आहे. तो मॅनिफोल्डचा दाब आणि आरपीएम यांवरून इंधन ठरवतो, आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्बडा सेन्सर आहे.

आता अडचणी सांगतो. आयडल स्थिर राहत नाही, ७०० ते ११०० आरपीएमच्या दरम्यान वर-खाली होत राहते. पूर्वी आयडलला मॅनिफोल्डचा दाब ३२ किलोपास्कल असे, आता तो ५८ दिसतो. वाइडबँडवर लॅम्बडा (१ म्हणजे हवा आणि इंधन नेमके जुळलेले) १.१५, म्हणजे स्पष्टपणे लीन (इंधन कमी) दिसतो, पण सायलेन्सरजवळ उभे राहिले तर कच्च्या पेट्रोलचा वास येतो. ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा कडक लागते. २५०० आरपीएमच्या खाली गाडीला पिकअप नाही, मात्र ४५०० च्या पुढे ती पूर्वी कधी ओढत नव्हती अशी ओढते. काही जणांनी आयडलला इंधन वाढवून मोकळे व्हा असा सल्ला दिला आहे, पण मला हे काम क्रमाने आणि समजून करायचे आहे.

टॅपेट_कव्हर

लॅपटॉप बाजूला ठेवा आणि आधी डिग्री व्हील (क्रँकचे अंश मोजायची चकती) हातात घ्या. नव्या कॅमनंतर आयडल बिघडले की बहुतेक लोक थेट इंधनाच्या टेबलात हात घालतात, आणि कॅम खरोखर उत्पादकाच्या कार्डावर लिहिलेल्या जागी बसले आहेत का हा प्रश्न तसाच राहून जातो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पुलीवरची लहानशी चूक क्रँकच्या अंशांत दुप्पट होते. चाळीस दातांच्या कॅम पुलीवर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश होतात. एका दाताने चुकलेले इंजिन सुरू होते, चालते, आणि मालक महिनोन्‌महिने ट्यूनिंग करत बसतो.

पुलीवरच्या खुणेवर भरवसा न ठेवता पिस्टन स्टॉप वापरून टॉप डेड सेंटर (पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू) शोधा. पिस्टन एका दिशेने स्टॉपला टेकल्यावरचा अंश आणि उलट दिशेने टेकल्यावरचा अंश यांचा मध्य हेच खरे टॉप डेड सेंटर. त्यानंतर डायल गेज इनटेक टॅपेटवर लावा आणि कमाल लिफ्टच्या आधी व नंतर, समजा १ मिमी कमी लिफ्टवर, येणारे दोन अंश नोंदवा. लोबच्या टोकाशी लिफ्ट बराच वेळ जवळपास स्थिर राहते, म्हणून कमाल लिफ्ट थेट वाचू नये. दोन्ही बाजूंचा मध्य काढला की लोब सेंटर मिळते. हेच एक्झॉस्टलाही करा. लोब मोजताना क्रँक नेहमी एकाच दिशेने फिरवावा. उलट फिरवल्यास बेल्टचा ढिलेपणा मोजमापात येतो.

फेसिंग केल्याचे तुम्ही लिहिले आहे. हेड खाली आले की क्रँक आणि कॅम यांच्यातले अंतर घटते आणि बेल्टवर चालणारे कॅम रिटार्ड होतात, म्हणजे मागे पडतात. तुमच्या पिकअपच्या तक्रारीचे मूळ तिथेच असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

आणखी एक, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर मोजले होते का? लिफ्ट १.७ मिमीने वाढली, वर हेड अर्धा मिमी खाली आले. हे अंतर टॉप डेड सेंटरवर सर्वांत कमी नसते. एक्झॉस्टला ते साधारण १० अंश आधी आणि इनटेकला साधारण १० अंश नंतर सर्वांत कमी होते. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला किमान २.५ मिमी हा रूढ दंडक आहे. एक्झॉस्टला जास्त अंतर लागते, कारण तो व्हॉल्व्ह अधिक तापतो आणि अधिक वाढतो, शिवाय जास्त आरपीएमला स्प्रिंगचा ताबा सुटू लागला की वर येणारा पिस्टन त्याच व्हॉल्व्हला गाठतो.

आकडेमोड

टॅपेट_कव्हर यांच्या पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, पण फेसिंगचा हिशोब जरा करून पाहू. चाळीस दातांची पुली आणि ८ मिमी पिचचा बेल्ट धरला तर परिघ ३२० मिमी आणि त्रिज्या सुमारे ५१ मिमी येते. हेड अर्धा मिमी खाली आल्यास कॅम ०.५ भागिले ५१ रेडियनने, म्हणजे जवळपास ०.५६ अंशाने मागे पडतो. क्रँकच्या मापात हे १.१ अंश होते. एवढ्याने पिकअप जात नाही. कॅम जर चार-पाच अंश मागे निघाला तर त्याचे कारण पुलीची खाच, डॉवेलची जागा किंवा कॅम घासतानाचा फरक यांत शोधावे लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे. कार्डावरचे आकडे खरे धरले तरी नव्या कॅमने इंजिनाचा स्वभाव किती बदलला ते कागदावर आधीच दिसते. ओव्हरलॅप काढायचा असेल तर दोन्ही ड्युरेशनची बेरीज चारने भागावी, त्यातून लोब सेपरेशन वजा करावे आणि उत्तराची दुप्पट करावी. मूळ कॅमला हा आकडा १६ अंश येतो, नव्याला ५२ अंश. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ तिपटीहून अधिक झाला. आयडलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात आणि एक्झॉस्टमध्ये वातावरणाचा दाब असतो, म्हणून या काळात जळालेला वायू उलटा इनटेककडे ओढला जातो आणि पुढच्या मिश्रणात मिसळतो. आयडल अस्थिर होते ते यामुळे.

पिकअपचे कारण दुसरे आहे. इनटेक व्हॉल्व्ह आता किती उशिरा बंद होतो ते पाहा. मूळ कॅमवर तो बॉटम डेड सेंटरनंतर ५२ अंशांनी बंद होत असे, नव्या कॅमवर ६६ अंशांनी होतो. स्ट्रोक ८० मिमी आणि कनेक्टिंग रॉड १३५ मिमी धरल्यास, व्हॉल्व्ह बंद होतो त्या क्षणी पूर्वी पिस्टनचा ६८.४ मिमी प्रवास शिल्लक असे, आता ६१.३ मिमी उरतो. खरे कॉम्प्रेशन तिथून सुरू होते. त्यामुळे कागदावरचा १०:१ चा रेशो प्रत्यक्षात पूर्वी ८.७ होता, तो आता ७.९ झाला आहे. कमी आरपीएमला हवेच्या प्रवाहात जोर नसतो, म्हणून आत आलेली हवा पिस्टन वर येताना परत इनटेकमध्ये ढकलली जाते. जास्त आरपीएमला तोच प्रवाह पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहतो आणि उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह फायद्याचा ठरतो. तुमच्या वर्णनातले ४५०० च्या पुढचे ओढणे हे आहे. २५०० च्या खाली जे गेले ते कोणत्याही ट्यूनिंगने पूर्ण परत येणार नाही, हे आधीच मान्य करून पुढे जावे.

एक विचारायचे राहिले. ही दोन्ही ड्युरेशन एकाच पद्धतीने मोजलेली आहेत का? काही उत्पादक व्हॉल्व्ह जेमतेम उचलल्यापासून मोजतात, काही १ मिमी लिफ्टपासून, तर काही १.२७ मिमीपासून. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून केलेल्या तुलनेला अर्थ उरत नाही.

चौथा_गिअर

दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत, कार्डावर तसे नमूद आहे. व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर बसवतानाच मऊ स्प्रिंग लावून डायल गेजने मोजले होते. इनटेकला २.६ आणि एक्झॉस्टला २.९ मिमी आले होते. लोब सेंटर मात्र मोजलेले नाही. येत्या सुटीत ते करून इथे आकडे देतो.

लॅम्बडा_एक

तोपर्यंत वाइडबँडबद्दल लिहितो, कारण या धाग्यातले सर्वांत फसवे वाक्य ‘लॅम्बडा १.१५ दिसतो’ हे आहे. हा सेन्सर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतो, इंधन त्याला थेट दिसत नाही. मिश्रण नीट पेटले असेल तर ऑक्सिजनवरून इंधनाचा हिशोब बरोबर लागतो. जळालेल्या वायूने पातळ झालेले मिश्रण एखाद्या चक्रात पेटलेच नाही, किंवा अर्धवट पेटले, तर न वापरलेला ऑक्सिजन आणि न जळलेले पेट्रोल दोन्ही एकदमच बाहेर पडतात. सेन्सर ऑक्सिजन पाहून लीन सांगतो आणि तुमचे नाक पेट्रोल हुंगून रिच (इंधन जास्त) सांगते. आयडलपुरते नाकाचे ऐकावे.

अशा वेळी क्लोज्ड लूप (सेन्सर पाहून ईसीयूने इंधन आपोआप बदलणे) चालू असेल तर तो या खोट्या लीन रीडिंगवर इंधन वाढवत राहतो. त्याने मिसफायर आणखी वाढतात, ऑक्सिजन आणखी वाढतो आणि लूप आणखी इंधन ओततो. तुमच्या ७०० ते ११०० च्या झोक्यात याचा वाटा नक्की असणार. म्हणून १५०० आरपीएमच्या खाली क्लोज्ड लूप बंद करा. गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर ते लगेच करा. न जळलेले पेट्रोल आणि मोकळा ऑक्सिजन त्याच्या आत एकत्र आले की ते तिथे जळतात आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो.

मग आयडलचे इंधन कशावर ठरवायचे? मॅनिफोल्डच्या दाबावर. आयडल व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद असताना हवा सोडणारा) एका जागी स्थिर करा, इग्निशन एका अंशावर बांधून टाका आणि टेबलातल्या त्या सेलमधले इंधन तीन-चार टक्क्यांनी बदलून पाहा. इंधन वाढवल्यावर दाब उतरला आणि आरपीएम वर गेला, तर इंजिनाला ते हवे होते. दाब चढला आणि आवाज जड झाला, तर ते नको होते. दाब सर्वांत कमी आणि सर्वांत स्थिर राहतो ते मिश्रण योग्य समजावे, मग सेन्सर १.०५ दाखवो की ०.९२. २७२ अंशांच्या कॅमवर ते बहुधा स्टॉइकिओमेट्रिकपेक्षा (लॅम्बडा १) थोडे रिच निघते, पण लोक समजतात तितके रिच निघत नाही.

रिकामा_रस्ता

एवढी यातायात कशाला? दाबाचा सिग्नल नाचतो हे उघड आहे, मग दाबावरून इंधन ठरवणेच सोडून द्या. थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवर टेबल बांधा. मोठ्या कॅमच्या रेसिंग इंजिनांत वर्षानुवर्षे हेच करतात. सिग्नल स्वच्छ मिळतो आणि आयडल एका दिवसात बसते.

लॅम्बडा_एक

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असेल तर तुमचे म्हणणे योग्य आहे, कारण तिथे थ्रॉटल थोडा उघडताच दाब जवळपास वातावरणाइतका होतो आणि त्यातून भार कळत नाही. इथे मात्र एकच थ्रॉटल आणि एकच प्लेनम (सर्व सिलिंडरची सामायिक हवापेटी) आहे. शिवाय आयडल व्हॉल्व्हमधून जाणारी हवा थ्रॉटलच्या सेन्सरला दिसत नाही, आणि या गाडीचे आयडल त्याच हवेवर चालते. थंड इंजिनाला तो व्हॉल्व्ह जास्त उघडेल, एसीचा कॉम्प्रेसर लागला की आणखी उघडेल, आणि कोनावरच्या टेबलाला त्याचा पत्ताही लागणार नाही. उंचीवरच्या विरळ हवेसाठी वेगळा बॅरोमेट्रिक सेन्सर लागेल तो निराळाच. ५८ किलोपास्कलचा सिग्नल वापरता येण्याजोगा आहे, तो फक्त नीट वाचायला हवा.

सेन्सरची नळी एका सिलिंडरच्या रनरवर (त्याच्या एकट्याच्या हवानळीवर) असेल तर ती प्लेनमवर आणा. ईसीयूमध्ये दाब ठरावीक मिलिसेकंदांनी वाचण्याऐवजी क्रँकच्या अंशांवर वाचण्याची आणि सरासरी घेण्याची सोय असेल तर ती वापरा. चार सिलिंडरमध्ये प्रत्येक १८० अंशांना एक इनटेक स्ट्रोक येतो, तेवढ्या खिडकीची सरासरी पुरेशी स्थिर मिळते. त्यानंतर टेबलाच्या ओळी पुन्हा आखा. पूर्वी २५ ते ४० किलोपास्कलमध्ये आयडल आणि ओव्हररन (चालत्या गाडीत एक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना) बसत असे. आता आयडल पन्नाशीत आहे आणि हलक्या पायाने सपाट रस्त्यावर चालतानाचा दाबही तिथेच आहे. म्हणून ४० ते ६५ च्या दरम्यान दर पाच किलोपास्कलला एक ओळ ठेवा आणि १५०० आरपीएमच्या खाली आरपीएमचे रकानेही जवळ जवळ घ्या.

चौथा_गिअर

मोजमाप झाले. इनटेकचे लोब सेंटर टॉप डेड सेंटरनंतर ११४ अंशांवर निघाले आणि एक्झॉस्टचे १०६ अंश आधी. कार्डावर दोन्ही ११० आहेत. म्हणजे दोन्ही कॅम सारखेच, ४ अंशांनी रिटार्ड आहेत. त्यातला एखादा अंश फेसिंगचा धरला तरी बाकीचे पुलीच्या खाचेत किंवा कॅममध्येच असणार. व्हर्नियर पुली (कोन बारीक बदलता येणारी) लावून दोन्ही ११० वर आणले. टॅपेटचे क्लिअरन्सही तपासले, सर्व शिम कार्डातल्या मर्यादेत आहेत.

आकडेमोड

आता इनटेक व्हॉल्व्ह ७० ऐवजी ६६ अंशांवर बंद होईल, तेवढा पिकअप परत मिळेल. मात्र व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर पुन्हा मोजा. कॅम अ‍ॅडव्हान्स केला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो आणि एक्झॉस्ट लांब जातो. तुमचे २.६ मिमी हे रिटार्ड स्थितीतले होते.

चौथा_गिअर

मोजले. इनटेक २.२ मिमी, एक्झॉस्ट ३.२ मिमी.

क्लोज्ड लूप १५०० च्या खाली बंद केला, नळी प्लेनमवर आणली आणि दाबाकडे पाहत इंधन ठरवले. आयडलचे लक्ष्य ९५० आरपीएम ठेवले आहे. आता दाब ५१ किलोपास्कलवर बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि पेट्रोलचा वास जवळपास गेला. सेन्सर तिथे अजूनही लॅम्बडा १.०४ दाखवतो. पूर्वीच्या सेटिंगपेक्षा इंधन सुमारे नऊ टक्क्यांनी कमी झाले आहे, वाढलेले नाही! अडचण एकच उरली. थ्रॉटल एकदम सोडला की आरपीएम खाली कोसळतो आणि कधी कधी इंजिन बंद पडते.

लॅम्बडा_एक

ते काम आयडल व्हॉल्व्हचे नाही, इग्निशनचे आहे. व्हॉल्व्ह उघडल्यापासून ती हवा प्लेनम भरून सिलिंडरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, स्पार्कचा बदल मात्र पुढच्याच चक्रात लागू होतो. मोठ्या ओव्हरलॅपचे मिश्रण हळू जळते, म्हणून आयडलला मूळ इंजिनापेक्षा स्पार्क लवकर, म्हणजे जास्त अ‍ॅडव्हान्स लागतो. अशा इंजिनात टॉर्क बहुधा २४-२६ अंशांच्या आसपास कमाल होतो. आयडल मुद्दाम त्याच्या खाली, १७-१८ अंशांवर ठेवा. आरपीएम ९५० च्या खाली गेला की अ‍ॅडव्हान्स वाढत २४ पर्यंत जाऊ द्या, वर गेला की १२ पर्यंत उतरू द्या. अ‍ॅडव्हान्स आधीच कमालीवर ठेवला तर पडते इंजिन उचलायला हातात काही उरत नाही. ओव्हररनला इंधन तोडता तो आरपीएमही वाढवा. पूर्वी १३०० ला इंधन परत येत असेल तर आता १८०० च्या आसपास यायला हवे.

इंजेक्शनचा कोनही एकदा फिरवून पाहा, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आयडलला इंजेक्टर ज्या अंशावर बंद होतो तो अंश तीस-तीसने सरकवत न्या आणि पुन्हा दाब पाहा. ओव्हरलॅपच्या वेळी हवेत लटकलेले इंधन उलट्या प्रवाहात इकडे-तिकडे होते, व्हॉल्व्ह बंद असताना त्याच्या गरम पाठीवर पडलेले इंधन वाफ होऊन पुढच्या स्ट्रोकला नीट आत जाते. फरक आयडल ते ३००० पर्यंत जाणवेल. जास्त आरपीएमला इंजेक्टर चक्राचा बहुतेक काळ उघडाच असतो, तिथे या कोनाला महत्त्व राहत नाही.

टॅपेट_कव्हर

ब्रेकचा विषय मागे पडला म्हणून मध्येच लिहितो. ५१ किलोपास्कल म्हणजे ब्रेक बूस्टरला पूर्वीच्या सुमारे ७० टक्के निर्वात मिळतो. वेगात पाय काढल्यावर मॅनिफोल्डचा दाब पुरेसा उतरतो, पण हळू वेगात, वळताना, लागोपाठ दोन-तीनदा पेडल दाबले की साठा संपतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा आणि बूस्टरच्या नळीवर निर्वाताची टाकी लावा. तेवढ्याने भागले नाही तर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप हाच उपाय आहे. डायनोची (शक्ती मोजायच्या यंत्राची) तारीख घेण्याआधी हे करावे, कारण ब्रेक नीट नसलेल्या गाडीचे रस्त्यावर लॉगिंग करणे मला मुळीच मान्य नाही.

शांत_आयडल

माझ्या इंजिनात इनटेकला व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आहे आणि मी याच प्रकारचे कॅम घेण्याच्या विचारात आहे. मला ही सगळी आयडलची कटकट टाळता येईल का?

लॅम्बडा_एक

बरीचशी टाळता येईल. आयडलला इनटेक कॅम पूर्ण रिटार्डवर ठेवला की ओव्हरलॅप घटतो, मध्यम आरपीएमला अ‍ॅडव्हान्स करून व्हॉल्व्ह लवकर बंद करता येतो आणि वर पुन्हा रिटार्ड करता येतो. पण व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर फेजर (कॅमचा कोन बदलणारा भाग) पूर्ण अ‍ॅडव्हान्स असतानाही मोजा. फेजरचा पल्ला क्रँकच्या मापात ४०-५० अंश असू शकतो आणि मोठी लिफ्ट तेवढी सहन करेलच असे नाही. गरज पडल्यास यांत्रिक लिमिटर बसवतात. निव्वळ सॉफ्टवेअरमधल्या मर्यादेवर मी इंजिन सोडणार नाही. आणि फेजरचा प्रत्येक कोन म्हणजे एक वेगळा कॅम, तेव्हा इंधनाचे टेबल त्या हिशोबाने बांधावे लागते.

शांत_आयडल

समजले. नवे कॅम बसवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना काही पथ्य?

टॅपेट_कव्हर

लोब टॅपेटवर घासत चालणारे इंजिन असेल तर आहे. लोबला असेंब्ली पेस्ट लावा, जस्त-फॉस्फरसचे प्रमाण पुरेसे असलेले तेल वापरा, आणि सुरू झाल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर, थोडे वर-खाली करत, वीसेक मिनिटे चालवा. आयडलवर सोडू नका, कारण कमी आरपीएमला लोबच्या टोकावर स्प्रिंगचा दाब सर्वांत जास्त जाणवतो आणि उडणारे तेल सर्वांत कमी असते. म्हणून ईसीयूमध्ये आधीच असे टेबल भरून ठेवा की इंजिन पहिल्या एक-दोन प्रयत्नांत पकडेल. लांबलचक क्रँकिंगमध्ये लोबवरची पेस्ट पुसली जाते. रोलर फॉलोअर असतील तर एवढे सोपस्कार लागत नाहीत.

चौथा_गिअर

इग्निशनची उतरंड लावल्यापासून इंजिन एकदाही बंद पडलेले नाही. टाकी लावून ब्रेकही जागेवर आले. आता डायनोवर जाण्यापूर्वी एक शंका आहे. मूळ इंजेक्टर २०० सीसी प्रतिमिनिटाचे आहेत. ते पुरतील का?

आकडेमोड

काठावर आहेत. १०५ किलोवॅट गाठायची अपेक्षा धरू. पूर्ण भाराला अशा इंजिनाला प्रति किलोवॅट-तास सुमारे ३०० ग्रॅम पेट्रोल लागते, म्हणजे एकूण ३१.५ किलो प्रतितास. प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला जवळपास १३१ ग्रॅम, म्हणजे १७७ सीसी प्रतिमिनिट येते. २०० सीसीच्या इंजेक्टरवर हे ८८ टक्के ड्युटी (इंजेक्टर उघडा राहण्याचे प्रमाण) झाले. ८५ च्या वर राहू नये असा माझा आग्रह आहे, तेव्हा २४० सीसीचे घ्या. त्याहून फार मोठे घेऊ नका, नाहीतर आयडलला पल्स इतकी लहान होईल की एवढ्या कष्टाने बसवलेले मिश्रण पुन्हा डळमळेल. बदलल्यावर नव्या इंजेक्टरचा व्होल्टेजनुसारचा डेड टाइम (उघडायला लागणारा उशीर) न विसरता भरा.

लॅम्बडा_एक

डायनोवर थेट पूर्ण थ्रॉटलचे रन करू नका. आधी भार धरून, ५०० आरपीएमच्या टप्प्यांनी, अर्ध्या थ्रॉटलपर्यंतचे सेल भरून घ्या. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ तिथेच चालते. २००० च्या वर सेन्सर पुन्हा विश्वासार्ह होतो, तेव्हा तिथे लॅम्बडाकडे बघून काम करायला हरकत नाही. पूर्ण भाराला ०.८७ ते ०.८८ ठेवा.

इग्निशन मूळ टेबलापेक्षा दोन-तीन अंश कमी ठेवून सुरुवात करा आणि एकेक अंश वाढवा. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकणे) नसले तरी एक अंश मागे या. २५०० च्या खाली सिलिंडर पूर्वीइतका भरत नाही, म्हणून तिथे मूळ टेबलापेक्षा जास्त अ‍ॅडव्हान्स चालेल आणि हवाही असेल. नव्या टॉर्क शिखराजवळ मात्र सिलिंडर पूर्वीपेक्षा जास्त भरतो, नॉकिंगची सर्वांत जास्त भीती तिथे आहे, आणि मूळ टेबल त्या आरपीएमला बेफिकीरपणे अ‍ॅडव्हान्स देते, कारण पूर्वी तिथे टॉर्क उतरणीला लागलेला असे. नॉक सेन्सरची उंबरठा-पातळीही नव्याने ठरवा. कडक स्प्रिंग आणि वेगळ्या रॅम्पच्या लोबमुळे व्हॉल्व्ह बसतानाचा आवाज बदलतो, आणि जुन्या पातळीवर ईसीयू त्यालाच नॉकिंग समजून इग्निशन मागे खेचतो. कानाला हेडफोन लावून ब्लॉकचा आवाज ऐकणे अजूनही उपयोगी पडते.

टॅपेट_कव्हर

रेव्ह लिमिटर शक्तीचा आलेख बघून ठरवू नका. कॅम ७५०० पर्यंत शक्ती देईल, पण मर्यादा स्प्रिंग आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ठरवतात. कमाल लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून किमान १ मिमी अंतर शिल्लक आहे ना, याची खात्री करा. वरच्या आरपीएमला शक्ती एकदम तुटली आणि इंधन-इग्निशन दोन्ही ठीक दिसले, तर व्हॉल्व्ह तरंगत आहेत असे समजून रन तिथेच सोडा.

चौथा_गिअर

डायनो झाला. मूळ इंजिन ४००० आरपीएमला १४० न्यूटन-मीटर आणि ६००० ला ८२ किलोवॅट देत होते. आता ५४०० ला १४८ न्यूटन-मीटर आणि ६९०० ला १०१ किलोवॅट आहे. लिमिटर ७२०० वर ठेवला. २००० आरपीएमला पूर्वी १२५ न्यूटन-मीटर होते, तिथे आता ११२ आहे, आणि दोन्ही आलेख ३४०० च्या आसपास एकमेकांना छेदतात. पूर्ण भाराचे इग्निशन ५४०० जवळ मूळ टेबलापेक्षा ३ अंश कमी आणि २२०० जवळ ४ अंश जास्त निघाले. नव्या २४० सीसीच्या इंजेक्टरची कमाल ड्युटी ७२ टक्के आहे.

गाडी रस्त्यावर आता ३००० च्या खाली फारशी ठेवाविशी वाटत नाही, म्हणून फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचा शेवटचा गिअर) लहान करावा, म्हणजे त्याच वेगाला आरपीएम जास्त राहील, की कॉम्प्रेशन वाढवावे, याचा विचार चालू आहे.

आकडेमोड

कॉम्प्रेशनने खालचे काही अंशी परत येईल. पूर्वीचा ८.७ चा परिणामी रेशो पुन्हा गाठायचा तर याच कॅमवर कागदावरचा रेशो ११:१ च्या थोडा वर न्यावा लागेल. पण त्यासाठी हेड आणखी घासू नका, इनटेकला २.२ मिमीच उरले आहेत. पिस्टनचा माथा बदलून रेशो वाढवा आणि व्हॉल्व्हचे खिसे खोल करून घ्या. फायनल ड्राइव्ह त्या मानाने कमी खोलीचे काम आहे, आणि इंजिन आता जिथे टॉर्क देते तिथे ते त्याला अधिक काळ ठेवील. मी आधी तेच करीन.

लॅम्बडा_एक

त्याआधी थंड स्टार्ट बसवा. आत्तापर्यंतचे सगळे आकडे गरम इंजिनाचे आहेत. थंड इंजिनात पेट्रोल इनटेकच्या भिंतींवर बसते आणि ओव्हरलॅपमुळे मिश्रण आधीच पातळ झालेले असते, म्हणून मूळ वॉर्म-अप टेबल ६० अंश सेल्सिअसच्या खाली कमी पडेल. आयडलचे लक्ष्य थंडीत १३००-१४०० ठेवा, तापमान वाढेल तसे ९५० पर्यंत उतरवा, आणि रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर रोज फक्त एक बदल करून लॉग जपून ठेवा. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत इंजिन कोमट झालेले असते आणि त्या दिवसाची संधी गेलेली असते.

चौथा_गिअर

उद्या सकाळपासून सुरू करतो. पहिला लॉग इथेच टाकतो.